पाकीट झटकून बघायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका ब्रँचला मी पाच वर्षं पेन्शनच्या काउंटरला होते. आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला, शटर वर जायच्या आधीच पायरीवर रिटायर फौजी बसलेले असायचे, कुणी काठी घेऊन, कुणी नातवाच्या गाडीवरून आलेलं. त्यातच आबा यायचे. हवालदार म्हणून रिटायर झालेले, पहिली मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण. माझ्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी मोठे, पण मित्र म्हणावा असा त्या गावात मला हा एकच माणूस भेटला.

बँकेचं दाखला द्या म्हणून छापील पत्र जायचं ना, ते आबा पाकिटासकट आणायचे, माझ्यासमोर पाकीट उलटं करून टेबलावर दोनदा झटकायचे आणि म्हणायचे, "न्हाय. गोळी न्हाय. म्हंजी बँकेशी आजून सलोखा हाय."

पहिल्या वर्षी मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. डिसेंबर 1971, पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर, आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण आणि बाहेर आपली माणसं वेढा घालून. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून एका स्थानिक माणसाच्या हाती पत्र धाडलं, तर पलीकडच्या कर्नलनं उत्तर दिलं की पुढच्या वेळी हातात पेन नको, स्टेनगन घेऊन भेटा, आणि त्या कागदात गुंडाळून एक गोळी पाठवली. "आता बगा म्याडम," आबा म्हणायचे, "पत्रातनं गोळी धाडली, पर टपालखर्च कुणाच्या नावावर टाकला ते आजूनबी कुणी सांगत न्हाय!" रांगेतले सगळे हसायचे, ज्यांनी दहादा ऐकलंय ते तर आधीच हसायला लागायचे.

पुढचं मात्र ते हसत सांगायचे नाहीत. 10 डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून बाहेर पडायला निघाली आणि थेट यांच्या मोर्च्यांसमोर आली. सकाळी उरलेले शरण आले. मी एकदा विचारलं की सकाळी काय दिसलं, तर आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, बराच वेळ पुसत राहिले आणि म्हणाले, "त्यांची पोरंबी आमच्याच वयाची हुती." मग पासबुक पुढं सरकवलं. मीही परत कधी विचारलं नाही.

2018 ला त्यांना 80 पूर्ण झाली. मी सांगितलं की आबा, आता बेसिकवर 20 टक्के जास्त मिळणार, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला डबल. लगेच मागं वळून रांगेला ओरडले, "ऐकलं का रं, सरकारनं शर्यत लावलीया, कुणी मधीच बसायचं न्हाय!" त्याच दिवशी हयातीच्या दाखल्याचं मशीन त्यांचा अंगठा घेईना. पुसला, ओला केला, दुसरी बोटं लावून बघितली, अर्धा तास गेला. जन्मभर आल्याच्या वाफ्यात राबून बोटं पार गुळगुळीत झालेली, रेषाच उरल्या नव्हत्या. आबा म्हणाले, "आवो माजा अंगठा शेतातच ऱ्हायलाय, मशीन तिकडं न्या, वाफा दाखवतो." शेवटी कागदी फॉर्म भरला आणि मॅनेजर साहेबांनी सही करून दिलं की हा माणूस माझ्यासमोर हजर होता. तो कागद आबांनी दोनदा वाचून घेतला, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

पुढच्या नोव्हेंबरात आबा आले नाहीत. मला वाटलं गर्दी कमी झाली की येतील. डिसेंबर संपता संपता आजी आल्या, सोबत पुतण्या आणि कापडी पिशवी. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, जॉइंट खात्याचं पासबुक, सगळं नीट लावलेलं. फॅमिली पेन्शनचं काम, माझ्या रोजच्या हातातलं, पण सिस्टीमला आबांच्या नावापुढं मयत टाकताना मला ते कॉलम दिसेना, शेजारच्या सरांनी येऊन टाकलं.

झेरॉक्स काढायला मी पिशवीतले कागद बाहेर घेतले तर खाली बँकेची पाकिटं, दोऱ्यानं बांधलेली. प्रत्येकावर बॉलपेननं तारीख आणि खाली लिहिलेलं, चेक केले, गोळी नाही. सही, हवालदार. पाचवं पाकीट बंदच होतं, त्यावर काहीच नाही.

"दवाखान्यात हुते तवा आलं," आजी म्हणाल्या. "फोडा तुमीच."

मी फोडलं, तेच छापील पत्र होतं, मुदतीत हयातीचा दाखला सादर करावा. पत्र मी बाजूला ठेवलं. आजींनी रिकामं पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं, टेबलावर दोनदा झटकलं.

"न्हाय," म्हणाल्या, आणि माझ्याकडं पेन मागितलं.