स्पेस टुरिझमचं ॲप: तिकीट सोडून बाकी सगळं

डिझाईनच्या साईट्सवर 'स्पेस ट्रॅव्हल ॲप' असं सर्च करून बघा, सगळे कॉन्सेप्ट्स एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतील. काळं बॅकग्राउंड, जांभळा ग्रेडियंट, मंगळ स्वतःभोवती फिरतोय आणि खाली 'बुक नाऊ'. दिसतं भारीच, मी पण लाईक मारते, पण मंगळाचं तिकीट आज कुणी विकतच नाहीये तर ती स्क्रीन घेऊन करायचं काय? म्हणून पोर्टफोलिओसाठी मी हाच विषय घेतला तेव्हा ठरवलं की माणसं ज्यातून खरंच जाऊन आलीयेत त्यावरच काम करायचं. म्हणजे ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीचं न्यू शेपर्ड हे रॉकेट आणि त्यावरची प्रवासी कॅप्सूल. पश्चिम टेक्सासच्या वाळवंटातून सरळ वर, १०० किमीवरची कारमान रेषा, म्हणजे अंतराळाची मानलेली हद्द, ओलांडायची आणि दहा-अकरा मिनिटांत परत जमिनीवर. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा यातूनच जाऊन आले, त्यामुळे भारतीय युजर हा काही माझ्या कल्पनेतला नाहीये.

आता त्या दहा मिनिटांत तरंगायला मिळतात जेमतेम तीन-चार मिनिटं. तेवढ्यात कुणी फोनमध्ये डोकं घालून बसणार असेल तर त्याला खिडकीची सीट देऊच नये असं माझं मत आहे. आणि तसंही फोन तिथे गोंधळतोच, वजनरहित अवस्थेत वर कुठे खाली कुठे हे सेन्सरला कळत नाही त्यामुळे स्क्रीनचं ऑटो-रोटेट बोंबलतं, साध्या जीपीएसलाही उंची आणि वेगाची मर्यादा घातलेली असते. त्यामुळे उड्डाण चालू असताना प्रवाशासाठी ॲप काहीच करणार नाही, विषय संपला.

मग ॲप हवं कशाला? वाट बघायला! खरंच. व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या स्पेस टुरिझम कंपनीचं तिकीट जॉन गुडविन यांनी २००५ मध्ये काढलं आणि ते प्रत्यक्ष उडाले ऑगस्ट २०२३ मध्ये, तोवर त्यांचं वय झालं ८०. मधल्या १८ वर्षांत माणसाला काय दाखवणार, काउंटडाउन? आपल्या शुभांशु शुक्लांचंच आठवा, २०२५ च्या जूनमध्ये सगळे टीव्हीला चिकटून आणि उड्डाण आपलं पुढे पुढे, कधी हवामान, कधी रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती, कधी स्पेस स्टेशनच्या रशियन भागातली गळती, शेवटी २५ जूनला गेले एकदाचे. म्हणून मी काउंटडाउन काढूनच टाकलाय. त्याजागी दोन ओळी: का थांबलंय, आणि पुढचा निर्णय कधी होणार. वेटिंग लिस्टवाल्या माणसाला चार्ट कधी लागणार एवढंच हवं असतं, बाकी ॲनिमेशनचं त्याला काय पडलंय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो संमतीच्या स्क्रीनवर. अमेरिकन कायद्यानुसार कंपनीला प्रवाशाला लेखी सांगावं लागतं की या यानाला माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं सरकारी सर्टिफिकेट नाहीये आणि जोखीम काय काय आहे. प्रवाशाने ते कळून सही करायची. ही गोष्ट आपण नेहमीसारखी चेकबॉक्समध्ये कोंबली, खाली स्क्रोल करा, टिक करा, पुढे चला, तर मला ते चक्क लबाडी वाटतं. माझ्या डिझाईनमध्ये एका स्क्रीनवर एकच मुद्दा आहे, मोठ्या अक्षरात, आणि सही त्याच दिवशी करता येत नाही, रात्र जाऊ द्यावी लागते. एक मित्र म्हणाला कन्व्हर्जन मरेल, म्हणजे ॲपवर आलेले लोक सही न करताच निघून जातील. मरू दे ना, सहा सीटचं यान आहे, सेल लावायचाय का?

आणि मग घरच्यांची स्क्रीन, जी कुणाच्याच कॉन्सेप्टमध्ये मला दिसली नाही. वर गेलेला मजेत असतो हो, हाल होतात ते खाली बसलेल्यांचे. न्यू शेपर्डची कॅप्सूल जमिनीला टेकायच्या अगदी आधी खालून जोराचा झोत सोडते, वेग कमी करायला, त्याने धुळीचा एवढा मोठा लोट उठतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आपटलीच. म्हणून पॅराशूट उघडली की लगेच मेसेज जातो: 'उतरताना खूप धूळ उडेल, ते असंच असतं.'

याहून अवघड केस म्हणजे थोटाकुरांचं तेच उड्डाण, त्यात तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडलंच नव्हतं. कॅप्सूल दोनवरही नीट उतरू शकते आणि उतरलीच, सगळे सुखरूप. पण लाईव्ह बघणाऱ्या आईला त्या क्षणी मोबाईलवर काय लिहून पाठवायचं? न सांगावं तर तिला स्क्रीनवर दिसतंयच. मी लिहिलं, 'एक पॅराशूट पूर्ण उघडलेलं नाही. दोन पॅराशूटवर कॅप्सूल उतरू शकते. उतरायला अंदाजे दोन मिनिटं.' आमच्या आईला वाचायला दिलं तर म्हणे, "अगं, उतरू शकते ते आधी लिही की, पहिल्या ओळीलाच माझा जीव जाईल." बरोबर आहे तिचं, क्रम बदलला. आता ती 'अंदाजे' पण काढ म्हणतीये, ते मात्र मी काढणार नाहीये.