तैलरंगातलं व्यक्तिचित्र: रंगाआधी छायाप्रकाश

अभिजात पद्धतीचं व्यक्तिचित्र शिकताना माझा जास्तीत जास्त वेळ अंडरपेंटिंगमध्ये, म्हणजे रंगांखालच्या एकरंगी छायाप्रकाशाच्या थरात गेला, आणि तो तिथेच जायला हवा. त्वचेचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी माणूस ओळखू येतो. नाकाखालची सावली चुकली की येत नाही.

जेसोच्या (रंगाआधी लावलेल्या अस्तराच्या) पांढऱ्या कॅनव्हासवर मी थेट सुरुवात करत नाही. पांढऱ्याशेजारी प्रत्येक टोन (गडद-फिकटपणाची पायरी) आहे त्याहून गडद वाटतो, मग सगळंच फिकट रंगवलं जातं. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग लावून फडक्याने पुसून घेतला की मधला टोन आयता मिळतो. रेखाटनात डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर घ्यायची. केसांखालची कवटी विसरल्यामुळे ती हमखास वर सरकते.

अंडरपेंटिंग बर्न्ट अंबर आणि पांढऱ्याने, फक्त पाच टोनमध्ये. डोळे बारीक करून पाहिलं की तपशील विरतात आणि सावल्यांचे मोठे आकार उरतात. तेच आधी बसवायचे. अंबरमधल्या मँगनीजमुळे हा थर लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, म्हणून खाली तो नको.

रंगासाठी यलो ऑकर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा पुरतात. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजक्या रंगांची पॅलेट शिकणाऱ्याला फार चांगली, कारण काळ्या-पांढऱ्याचा राखाडी उबदार रंगांशेजारी निळसर दिसतो. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, हनुवटीकडे थंड राखाडी. सावल्या पातळ आणि पारदर्शक ठेवायच्या. त्यात पांढरा गेला की त्या खडूसारख्या दिसतात. डोळ्यांतला पांढरा भागही खरं तर राखाडीच असतो, आणि वरच्या पापणीखाली आणखी गडद. तो शुभ्र रंगवला की नजर वटारल्यासारखी वाटते.

पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. वाळल्यावर सावल्या निस्तेज पडल्या, तर तेलाचा अगदी पातळ हात देऊन लगेच पुसायचा.

तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगारा आपोआप पेटू शकतो. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवा. पारंपरिक वार्निश मात्र सहा महिने ते वर्षभर थांबूनच.