वेस्टमिन्स्टरच्या संसदेत फोटो: कुठे काढू देतात, कुठे नाही

लंडनची संसद पाहायला जाणाऱ्यांचा सगळ्यात मोठा हिरमोड फोटोंवरून होतो. हाउस ऑफ कॉमन्स आणि हाउस ऑफ लॉर्ड्स या दोन्ही सभागृहांत फोटो काढता येत नाहीत. कामकाज बंद असलं, आत फक्त पर्यटक असले तरीही नाही. पर्यटकांना वैयक्तिक वापरासाठी फोटो काढायला मुभा आहे ती वेस्टमिन्स्टर हॉल आणि सेंट स्टीफन्स हॉल या दोन दालनांत. सुदैवाने ही दोन्ही दालनं वाटेत आधी लागतात आणि पाहण्यासारखं तिथे भरपूर आहे.

प्रवेश क्रॉमवेल ग्रीनच्या दारातून. विमानतळासारखी तपासणी होते, रांगेचा वेळ वेगळा धरा. सामान ठेवायची सोय नाही, त्यामुळे प्रवासी बॅगा हॉटेलवर किंवा व्हिक्टोरिया, चेअरिंग क्रॉससारख्या स्टेशनवर ठेवून या. ट्रायपॉडही तिथेच राहू द्या.

तपासणीनंतर येतो वेस्टमिन्स्टर हॉल. मूळ बांधकाम 1097 चं, लांबी सुमारे 73 मीटर, वर दुसऱ्या रिचर्डने 1393 मध्ये करवून घेतलेलं ओकच्या लाकडाचं छप्पर आणि मध्ये एकही खांब नाही. उजेड बेताचाच असतो. छप्पर 28 मीटर उंचावर आहे, फ्लॅश तिथवर पोचतच नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) 1600 ते 3200 ठेवा आणि कॅमेरा भिंतीला किंवा कठड्याला टेकवून धरा. दक्षिण टोकाच्या मोठ्या रंगीत खिडकीकडे तोंड केलं की छप्पर काळंकुट्ट येतं. म्हणून त्याच टोकाच्या पायऱ्या चढा, खिडकीकडे पाठ करा आणि उत्तरेकडे पाहत फोटो घ्या. फरशीत बसवलेल्या पितळी पाट्याही टिपा. पहिल्या चार्ल्सवरचा 1649 चा खटला इथेच चालला. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोगही 1788 मध्ये इथेच सुरू झाला.

पुढच्या सेंट स्टीफन्स हॉलमध्ये बहुतेक जण न थांबता पुढे जातात. तसं करू नका. 1834 च्या आगीपर्यंत कॉमन्सचं सभागृह याच जागी होतं. अध्यक्षांची खुर्ची आणि टेबल कुठे होतं ते जमिनीतल्या पितळी खुणा दाखवतात. सभागृहाचा फोटो हवाच असेल तर हा त्यातल्या त्यात जवळचा! हेस्टिंग्जला धारेवर धरणाऱ्या एडमंड बर्कचा पुतळा इथे आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात उभा असल्याचं भित्तिचित्रही इथेच आहे, भारतीयाने ते चुकवू नये. सतराव्या शतकातला खासदार लॉर्ड फॉकलंड याच्या पुतळ्याच्या टाचेकडे नीट पाहा. 1909 मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या एका स्त्रीने स्वतःला या पुतळ्याला साखळीने बांधून घेतलं, तेव्हा टाचेवरचा घोड्याला टोचायचा काटा तुटला. तो आजही तुटकाच आहे.

त्यापलीकडच्या सेंट्रल लॉबीपासून फोन खिशात. घोटाळा नेमका इथेच होतो: व्हिडिओ चालू ठेवून माणसं पुढे सरकतात आणि कर्मचारी थांबवतात.

सभागृह दोन प्रकारे पाहता येतं. शनिवारी आणि अधिवेशनाच्या सुट्टीतल्या बहुतेक कामाच्या दिवशी तिकीट काढून टूर करता येते. तेव्हा सभागृहात चालता येतं, बाकांवर मात्र बसू देत नाहीत. कॉमन्समध्ये गालिच्यावरच्या दोन लाल रेघा आणि 650 सदस्यांसाठी जेमतेम 427 जागा, हे डोळ्यांनीच साठवून घ्या. कामकाज चालू असताना गॅलरीत बसणं फुकट आहे, पण फोन, कॅमेरा आणि बॅग आधी जमा करावी लागते. कॉमन्समध्ये पुढ्यात काचेची भिंतही आहे. बुधवारी दुपारी 12 च्या पंतप्रधान प्रश्नोत्तरांना तिकीटवाल्या ब्रिटिश रहिवाशांना आधी सोडतात. परदेशी पाहुण्यांनी भरवसा न ठेवता दुसरी एखादी चर्चा निवडावी, जागा सहज मिळते.

फोटोबंदीचा नियम कडक वाटतो, पण तो योग्यच आहे असं आम्हाला वाटतं. कॉमन्सने स्वतःच्या कामकाजात टीव्हीचे कॅमेरे येऊ दिले तेच मुळी 1989 मध्ये, आणि तेही काय दाखवायचं याच्या अटी घालून. गॅलरीत कोणी गोंधळ घातला तर तो पडद्यावर दाखवायचा नाही, ही त्यातली एक.

सभागृहाचं चित्र हवंच असेल तर संसदेच्या अधिकृत फ्लिकर पानावर चांगले फोटो मिळतात. ते ब्लॉगवर किंवा छापील लेखात वापरण्याआधी प्रत्येक फोटोखालची परवान्याची ओळ वाचा.