मागचं डावं दार

रिमोटचं बटण दाबायचं आणि मागे वळूनही न बघता चालू लागायचं, ही ऐट आपल्याकडे तशी अलीकडची. त्याआधी गाडी लावली की प्रत्येक दाराची खुंटी आतून खाली दाबा, ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावा, आणि एवढं करूनही बाहेरून एकेक हँडल ओढून बघा, असा साग्रसंगीत कार्यक्रम असे. सेंट्रल लॉकने तो एका ‘खटॅक’वर आणला.

त्या खटॅकवर आपला भारी विश्वास. खरं तर तो एक आवाज नसतोच. चार दारांत चार मोटरी असतात, चौघी एकदम झटका देतात आणि आपल्याला एकच ऐकू येतो. त्यामुळे चारातली एक गप्प बसली तरी कानाला पत्ता लागत नाही. आमच्या जुन्या हॅचबॅकमधली गप्प बसलेली मोटर आईने शोधून काढली, कारण मागे डावीकडे तिची जागा. मंडईतल्या पिशव्या दोन्ही हातांत, मी आत बसून बटण दाबतेय आणि दार ढिम्म. ‘अगं, उघड की!’ मग मान वाकडी करून मागे हात घालायचा आणि खुंटी वर ओढायची.

उघडताना होते ती नुसती कसरत. बंद करताना मात्र मनाला घोर लागतो. तीन दारं बंद, चौथं उघडं, आणि बाहेरून चारही सारखीच सज्जन दिसतात. शेजारच्या काकांनी सुचवलं, चाइल्ड लॉक पडलं असेल. मागच्या दाराच्या कडेला ते बारीक खटकं असतं खरं, पण त्याने फक्त आतलं हँडल निकामी होतं; खुंटीशी त्याचा संबंध नाही.

नाना पेठेतल्या इलेक्ट्रिशियनने दाराचं काही खोलण्याआधी ते नुसतं उघडलं आणि बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली. गाडीतून दारात जाणाऱ्या वायरी त्या नळीतून जातात. दार उघडताना-मिटताना दर वेळी वाकतात आणि एक दिवस आतल्या आत तुटतात. ‘लोक मोटर बदलतात, ताई, आणि तुटलेली असते वायर.’ हे ऐकून माझा त्याच्यावर विश्वास बसला. नवीन वस्तू विकण्याआधी जुनी निर्दोष आहे का हे बघणारा माणूस सहसा भेटत नाही.

आमच्या वायरी शाबूत होत्या. मग काच फिरवायचं हँडल निघालं (त्यामागे एक तारेची क्लिप असते, फडकं घालून घासलं की ती टुणकन उडते आणि सीटखाली जाऊन बसते), दोन स्क्रू निघाले, आणि डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, कडकड करत सुटलं. कडकड अर्थातच प्लॅस्टिकच्या क्लिपांची. पॅडमागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा कागद होता. तो त्याने फाडला नाही, कडेने हळूहळू सोडवला. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी बाहेरच्या रबरी पट्टीने पूर्ण अडत नाही. ते दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. म्हणजे गाडीचं दार आतून ओलं होणार हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. तो कागद पॅडला कोरडं ठेवतो. घाईत कुणी फाडला की पुढच्या पावसाळ्यात पॅड फुगतं आणि दोष भलत्याच्याच माथी जातो.

आणि त्या ओल्या, धुळीच्या, उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या पोकळीत ती मोटर राहते. दिवसाकाठी जेमतेम काही सेकंदांचं काम. बारा व्होल्टचा एक झटका, आत दातेरी चाकं, बाहेर दोनेक सेंटिमीटर सरकणारी सळी. त्याच दोन वायरींत वीज उलटी सोडली की सळी उलटी सरकते. उघडणं आणि मिटणं यांत एवढाच काय तो फरक. कष्टांपेक्षा हवाच तिला मारते: ग्रीस घट्ट होतं, गंज धरतो, आणि मग वीज येते पण जोर येत नाही. आमचीला बॅटरीवरून थेट वीज दिली तर नुसती कण्हली.

ड्रायव्हरच्या दारातली मोटर मात्र वेगळ्या मानाची. बाकीच्यांना दोन-दोन वायरी, हिला पाच. जास्तीच्या तीन वायरी तिची खुंटी वर आहे की खाली ते कंट्रोल बॉक्सला कळवतात आणि त्यावर बाकीच्या तिघी हलतात. मागच्या दाराची खुंटी हाताने कितीही वरखाली करा, गाडीत कुणी दखल घेत नाही. बाजारातून आणून बसवलेल्या सेंट्रल लॉकच्या सेटची ही रीत.

जुन्या मर्सिडीजमध्ये हे काम विजेऐवजी हवेवर चाले. १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेत इंजिनच्या ओढीने तयार होणारी निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) बारीक नळ्यांतून दारांच्या कुलपांपर्यंत नेलेली असे. आवाज खटॅक नाही, मऊसूत. नळी कुठे गळू लागली की ती शोधत बसायचं हे आलंच, पण थाट तर बघा!

मोटर एकटी मिळेना; दुकानदार सेटच घ्या म्हणाला. इलेक्ट्रिशियनने टेबलाखालचा डबा काढला. ज्यांनी सेट घेऊन एकच मोटर बदलली, त्यांच्या उरलेल्या मोटरी त्यात पडून होत्या. त्यातली एक त्याने बसवली आणि सळी कुलपाच्या सळीच्या अगदी रेषेत येईपर्यंत स्क्रू आवळले नाहीत. तिरकी बसली तर मोटर स्वतःशीच झगडते आणि लवकर जाते. पॅड लावण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघितली, कुठे घासत नाही ना म्हणून.

आता मागच्या डाव्या दाराचा खटका बाकी तिघींपेक्षा दणक्यात येतो. आईला तो आवडत नाही, दचकायला होतं म्हणते. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, उरलेल्या तिन्ही त्याच वयाच्या आहेत, वर्षभरात येतीलच. येऊ देत. त्याचा डबा आहे.