आईची टाच आणि देवी आलेला चेंडू

आईची टाच गणपतीच्या आधीपासून दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकलं की "आई गं" व्हायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, वर सांगितलं की तळपायाखाली चेंडू घेऊन रोज दहा मिनिटं फिरवत बसा. टेनिसचा चालेल, गोल्फचा मिळाला तर उत्तम. टेनिसचा बॉल दोन दिवसांत गल्लीतल्या पोरांनी लंपास केला. दसऱ्याला बंगळूरचा आतेभाऊ आला. तो ऑफिसातल्या साहेबलोकांबरोबर रविवारी गोल्फ खेळतो. गाडीच्या डिकीतून त्यानं एक पांढराशुभ्र चेंडू आणून दिला. "मामी, हा ठेवा तुम्हाला."

आईनं तो चष्म्याजवळ नेऊन फिरवून फिरवून बघितला. "ह्याला काय देवी आलत्या काय रे?"

देवीचे व्रण असलेले चेहरे आता फारसे दिसत नाहीत, त्यामुळं आतेभावाच्या मुलीला विनोद कळलाच नाही. मी मात्र त्या दिवसापासून चेंडूच्या मागं लागलो.

त्याला कारण माझा धंदा. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनवर चढतं आणि तिथून माझ्या टेबलावर येतं. बावीस वर्षं मी एकच गोष्ट शोधतोय, खड्डा. ओतताना हवा अडकून राहिलेलं ब्लोहोल असो, वाळूचा कण निघून पडलेली खळी असो, नाहीतर कुणाच्या हातून पडून आलेला पोचा असो. दिसला की लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि जॉब बाजूला ठेवायचा. अशा माणसाच्या हातात एक वस्तू आली, जिच्यावर मापात, मुद्दाम, शेकडो खड्डे पाडलेत आणि तोच म्हणे तिचा गुण. झोप कशी लागणार?

दुसऱ्या दिवशी व्हर्नियर घरी आणला. व्यास ४२.७ मिलिमीटर. खेळाच्या नियमात ४२.६७ च्या खाली चालत नाही, म्हणजे जॉब मापात होता. वजनासाठी गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात गेलो, तिथं मित्राची पेढी आहे. त्यानं काट्यावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साडेचार तोळ्याच्या वर आहे. मोडायचाय का?" काटा ४५.८ ग्रॅम दाखवत होता. नियमाची वरची मर्यादा ४५.९३. बनवणाऱ्यानं अगदी कडेला येऊन थांबायचं धाडस केलं होतं. मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

खळ्या मोजताना मात्र फजिती झाली. चेंडूंवर साधारण तीनशे ते पाचशेच्या दरम्यान खळ्या असतात, आणि एकेक जेमतेम पाव मिलिमीटर खोल. पहिल्या वेळी ३२८ भरल्या, दुसऱ्या वेळी ३४१. गोल वस्तूला सुरुवात नसते, शेवट नसतो; कुठून निघालो ते विसरायला होतं. मग मुलीचा स्केचपेन घेऊन एकेका खळीत ठिपका द्यायला लागलो, तर बोटानं पुसून जाई. आई पलीकडं वाती वळत बसली होती. तिला बघवेना. "असं न्हवं. मधनं रबरबँड लाव, अर्धा मोज आणि दुप्पट कर. मी ब्लाउजला टिकल्या लावतो तवा असंच मोजतो." १६६ दुणे ३३२. बावीस वर्षांचा अनुभव एका रबरबँडनं गुंडाळून ठेवला.

आता ह्या खळ्या आल्या कुठून? गोल्फचं मूळ स्कॉटलंडचं. तिथं पूर्वी चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत टोपीभर पिसं कोंबून चेंडू करत. तो महाग पडे आणि भिजला की संपला. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. परका वाटायचं कारण नाही, माझ्या डाव्या दाढेत तो आहे. रूट कॅनॉल झाल्यावर डॉक्टर आत भरतात तो अजून हाच. तर हा चेंडू स्वस्त, गोल आणि गुळगुळीत होता. माझ्या टेबलावरून हसत हसत पास झाला असता. आणि नवा कोरा मारला की धपकन खाली येत असे. चार दिवस खेळून ओरखडे पडले, टवके उडाले की मग तोच चेंडू लांब जायला लागे. खेळणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं, तशी कारागिरांनी नव्या चेंडूलाच विकण्याआधी हातोडीनं टोचे द्यायला सुरुवात केली.

हे वाचलं आणि मी उठून माळ्यावरची आजीची तांब्याची घागर खाली काढली. अंगभर मठारकाम. तांबट मऊ तांब्याला एकसारखे ठोके देत जातो, तसं भांडं कडक होतं आणि त्याला ती ठिपक्याठिपक्यांची चमक येते. आपल्याकडं मठारायचं कारण तांबटाला ठाऊक असतं. तिकडचा कारागीर मात्र चेंडू मठारत होता तो नुसत्या अनुभवावर, का ते त्याला सांगता आलं नसतं. पुढं १९०५ मध्ये विल्यम टेलर नावाच्या इंग्रज इंजिनियरनं नीट मापातल्या गोल खळ्यांचं पेटंट घेतलं. तोपर्यंत उंचवट्यांचे चेंडू चालत, तुतीसारखे फोड आलेले. त्यानं फोड उलटे करून आत ढकलले. ह्या टेलरचा मूळ धंदा भिंगांचा. सिनेमावाले ज्या कुक लेन्स म्हणतात त्या त्याच्याच कंपनीच्या. बाबूराव पेंटरांनी घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा जुळवला त्या गावात राहतो म्हणून असेल, पण भिंगवाला माणूस खड्ड्यांच्या नादाला लागला ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

(खड्ड्यांमुळंच माणूस उंच जातो, असा सुविचार इथं कुणाला सुचला असेल तर त्यानं तो सकाळच्या ग्रुपवर टाकावा. खड्ड्यांनी उंच जाता आलं असतं तर आमच्या पेठेतला रस्ता एव्हाना जोतिबाच्या डोंगरावर पोचला असता.)

खरं कारण कळायला मला पंचगंगा घाटावर जावं लागलं. म्हणजे गेलो होतो जुलैत पाणी बघायला, कोल्हापूरकर जातोच. अर्थ आत्ता लागला. नदी चढली की घाटावरची छोटी देवळं पाण्यात उभी राहतात. पाणी देवळाच्या पुढच्या अंगाला धडकतं, दोन्ही बाजूंनी वळसा घालतं, पण मागच्या बाजूला त्याला लगेच मिळून येणं जमत नाही. तिथं एक सैल पोकळ जागा राहते. पाणी तिथं पुढं जात नाही, नुसतं भोवरे करत फिरत राहतं. एक नारळ आणि पाण्याची बाटली त्या जागेत अर्धा तास एकमेकांभोवती फिरताना मी बघितली आहे. हवेचंही तसंच. ऊस भरलेली ट्रॉली समोरून गेली की मागून पाचट, धूळ आणि एखादी कॅरीबॅग तिच्या पाठीला लागल्यासारखी ओढत जाते, ती त्याच पोकळीत.

इतके दिवस मी समजत होतो की चेंडूला अडवते ती पुढची हवा. पुढून अडथळा असतोच, पण खरा घोटाळा मागं आहे. मागच्या पोकळीत दाब कमी पडतो, पुढं तो जास्त, आणि ह्या दोन्हींतल्या फरकानं चेंडू मागं खेचला जातो. पोकळी जेवढी रुंद तेवढी ओढ जास्त. म्हणजे युक्ती काय करायची, तर पोकळी निमुळती करायची.

तिथं खळ्या कामाला येतात. चेंडूच्या अंगाला हवेचा एक पातळ पापुद्रा चिकटून वाहतो; १९०४ मध्ये जर्मनीच्या लुडविग प्रांटल यांनी ह्या पापुद्र्याचं गणित मांडलं. गुळगुळीत चेंडूवर हा पापुद्रा शिस्तीत वाहतो, पण त्याच्यात दम नसतो. अर्ध्या वाटेवर, चेंडूच्या पोटापाशीच, तो अंग सोडून देतो आणि मागं भली रुंद पोकळी पडते. खळ्यांनी त्या पापुद्र्यात दंगा माजतो. वरची वेगवान हवा खाली येते, खालची दमलेली वर जाते, आणि हा खवळलेला पापुद्रा चेंडूला बराच मागंपर्यंत चिकटून राहतो. पोकळी अरुंद होते, ओढ जवळजवळ निम्मी होते. गोल्फच्या वेगाला अगदी गुळगुळीत चेंडू तेवढ्याच जोरानं मारला, तर तो निम्म्या अंतराच्या आसपासच पडतो. मी आयुष्यभर बाजूला ठेवलेल्या जॉबांबद्दल क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं, ते पंपाचे भाग होते, उडणार थोडेच होते.

पण निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी फिरकीची. गोल्फच्या काठीचं डोकं थोडं मागं कललेलं असतं. त्यामुळं चेंडू काठीला टेकतो तेवढ्या वेळात, तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही निम्मा असतो, त्याला उलटी फिरकी मिळते. पट्टीच्या खेळाडूचा चेंडू ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वेगानं सुटतो आणि मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास गिरक्या घेतो. फिरता चेंडू आपल्याबरोबर हवा ओढून खाली लोटतो आणि स्वतः वर उचलला जातो. सुरुवातीला हा उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त भरतो. आतेभावाच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत चेंडू दगडासारखा कमान करून न पडता विमानासारखा तरंगताना दिसतो, तो ह्यामुळं.

हे ओळखलं एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर टेट ह्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी, १८९० च्या दशकात. गृहस्थ गोल्फचे वेडे. मुलगा फ्रेडी तर दोनदा ब्रिटनचा हौशी विजेता. चेंडूला लांब फीत बांधायची, मुलाला जवळच्या ओल्या मातीच्या लक्ष्यावर मारायला लावायचं आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचं, असा त्यांचा प्रयोग. कुठलीही फिरकी वाईटच, असं त्यांना तरुणपणी शिकवलेलं. ते खोटं निघालं, पण कळेपर्यंत खेळायची वर्षं सरली होती, ह्याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे. बाप गणित मांडतोय आणि पोरगं बॉल मारतंय, हे चित्र मला इतकं घरगुती वाटलं की त्या घरी जाऊन एक चहा घ्यावा.

कोल्हापूरकराला खरं तर हे कुणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचला फ्री किक घेणारा पोरगा बॉलच्या कडेला पाय लावतो, भिंतीतली चार डोकी टाळून बॉल वळतो आणि आत. मागच्या गॅलरीतून शिट्ट्या, आणि कुणीतरी हमखास, "कट मारला गा, कट!" तो कट म्हणजे फिरकीच, फक्त आडवी. आणि २०१० च्या वर्ल्ड कपचा जाबुलानी बॉल आठवतोय? आठच तुकड्यांचा, शिवण नसलेला, फारच गुळगुळीत. हवेत बिनफिरकीचा सुटला की कुठं वळेल ते गोलकीपरलाही कळायचं नाही. तालमीतल्या पोरांनी तेव्हाच निकाल दिला होता: "लई प्लेन हाय, नादाला लागू नको."

हे सगळं हवेवर चालतं, एवढं ध्यानात ठेवा. कोल्हापूर समुद्रापासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे मुंबईपेक्षा आपली हवा पाचेक टक्के विरळ. ओढही तेवढी कमी. १९७१ मध्ये अंतराळवीर अॅलन शेपर्ड चंद्रावर दोन चेंडू घेऊन गेले आणि स्पेससूट घालून एका हातानं मारले. तिथं हवाच नाही. खळ्यांचा तिथं काही उपयोग नाही, फिरकीचाही नाही. दुसरा मैलोन्मैल गेल्याचं ते हसत हसत म्हणाले, पण फोटोंवरून नंतर मोजलं तर तो चाळीसेक यार्ड भरला.

इतकं वाचल्यावर चेंडू नुसता टाचेखाली फिरताना बघवेना. मागच्या रविवारी खिशात घातला आणि वडणग्याला गेलो. आमच्या शॉपमधल्या टर्नरचं तिथं रान आहे. एका बाजूला जोंधळ्याचं मोकळं वावर, पलीकडं पुरुषभर उंचीचा ऊस. त्याच्या पोराची हॉकी स्टिक घेतली. ढेकूळ फोडून त्यावर चेंडू ठेवला.

"मार की गा," तो बांधावर बसून म्हणाला.

पहिले दोन फटके ढेकळाला बसले. तिसरा बसला. चेंडू सरळ समोर सुटला, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उंच गेला आणि क्षणभर तिथंच थांबल्यासारखा झाला. खळ्या दिसत नव्हत्या, नुसता पांढरा ठिपका. मग तो हळूच, कुणीतरी बोलावल्यासारखा, उजवीकडं वळायला लागला. स्टिकचं तोंड उघडं राहिलं होतं, फिरकीचा आस कलला होता, हे मला तो वळत असतानाच कळत होतं. काही करता येत नव्हतं. उसाच्या शेंड्यांत कुठंतरी सळसळ झाली.

अर्धा तास सरीसरीतून फिरलो. हाताला पाती कापली, गुडघ्यापर्यंत चिखल झाला. चेंडू काही मिळाला नाही.

घरी आई लाटणं पायाखाली घेऊन बसली होती. "हे नुसतंच घसरतंय. त्या बॉलचे खड्डे बरे टोचायचे. कुठं ठेवलास?"

टर्नरला फोन लावला.

"आता कुठं हुडकतोस? डिसेंबरात तोड हाय, तवा बघू," तो म्हणाला. "न्हाई गावला तर मोळीतनं काट्यावर जाईल. शेहेचाळीस ग्रॅम आमचं बिल वाढंल."