औषधांच्या डब्यातलं इंग्रजी

इंग्रजी शिकायला बसलेल्या मोठ्या माणसाला पहिल्याच तासाला 'हाऊ आर यू?' शिकवतात आणि त्याचं ठराविक उत्तरही घोकून घेतात, 'आय अ‍ॅम फाइन'. गंमत अशी की, फाइन असलेल्या माणसाचं पुण्यात इंग्रजीवाचून फारसं काही अडत नाही. मंडई, रिक्षा, पीएमपीची बस, सोसायटीतली भांडणं, सगळं मराठीत उरकतं. अडतं ते अंगात कणकण आल्यावर. डॉक्टर मराठीत बोलतात, मेडिकलवालाही मराठीत बोलतो. पण चिठ्ठी, गोळ्यांची स्ट्रिप, बाटली, लॅबचा रिपोर्ट आणि हॉस्पिटलची फाइल यांना मराठी येत नाही. म्हणून नवशिक्यानं रेल्वे स्टेशनवरच्या संभाषणाच्या धड्याआधी घरातली औषधं काढून बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या घरात ती बहुधा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सापडतात.

ज्यांना या वाचनाची सर्वांत जास्त गरज, त्यांचा विचार कुठल्याच क्लासवाल्यानं केलेला नाही. कोथरूड, सहकारनगर, औंध भागातल्या कितीतरी घरांत दोन म्हातारी माणसं, परदेशातला मुलगा आणि म्हाताऱ्यांना सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोच्या, बारा तासांच्या पाळीला येणाऱ्या मावशी असा संसार चालतो. मुलगा व्हिडिओ कॉलवर औषधांची नावं घेऊन चौकशी करतो, आजोबांना चष्मा लावूनही बारीक छपाई दिसत नाही, आणि गोळी हातावर ठेवायची असते मावशींनी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. त्यातून मावशींची सातवी-आठवीत शाळा सुटली असेल, तर एबीसीडी आणि जोडून जोडून वाचता येणं एवढीच शिल्लक. सांगण्यासारखी गोष्ट ही की, औषधांपुरती तेवढी शिल्लक पुरते.

कारण वेष्टनावरचं इंग्रजी पुणेरी पाटीच्या वळणाचं असतं. 'प्लीज' नाही, पाल्हाळ नाही. क्रियापद सगळ्यात पुढे आणि हुकूम लगेच. शेक वेल बिफोर यूज. डू नॉट क्रश ऑर चू. कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन. टेक, शेक, स्वॅलो, चू, क्रश, अप्लाय, डिझॉल्व्ह, स्टोअर, कीप, डिस्कार्ड अशी दहा-बारा क्रियापदं आली की निम्मं वेष्टन वाचून झालं. खरी मेख त्यांच्या शेजारच्या चिल्लर शब्दांत आहे: बिफोर, आफ्टर, विथ, विदिन, ओन्ली, नॉट. 'बिफोर फूड' म्हटलेली थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. पुण्यात इथेच घोडं पेंड खातं. सकाळचा चहा इथे अन्नात धरत नाहीत. गोळी चहाबरोबर जाते, पुरती शोषली जात नाही, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट बिघडला की खापर कंपनीवर. अ‍ॅसिडिटीच्या बऱ्याच गोळ्याही नाश्त्याच्या अर्धा तास आधीच्या. अंगदुखीच्या बहुतेक गोळ्या मात्र 'आफ्टर फूड', कारण त्या रिकाम्या पोटाला चावतात.

'डू नॉट क्रश' हा हुकूम सगळ्यात जास्त मोडला जातो, तोही प्रेमापोटी. आजींना गोळी गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटून केळ्यातून भरवतात. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल अशी अक्षरं असतील, तर ती गोळी औषध हळूहळू, तासन्‌तास सोडण्यासाठी घडवलेली असते. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत हा प्रकार नेहमीचा. 'एन्टेरिक कोटेड' असेल तर वरचा लेप पोटातल्या आम्लाला तोंड देण्यासाठी असतो. लेप फोडला की औषध तरी वाया जातं किंवा पोट तरी जळजळतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. बऱ्याच औषधांचं पातळ रूप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, तिच्यावर 'डिस्पर्सिबल' असं लिहिलेलं असतं.

स्ट्रिपवर ठळक छापलेलं असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. ते पाठ करून काही हाती लागत नाही. आत काय आहे ते बाजूला असतं, पुढे 'आयपी' लिहिलेलं, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या कसोटीला उतरलेलं, आणि त्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा. ही ओळ वाचायची सवय लागली की एक मोठा घोटाळा टळतो. तापाची गोळी पॅरासिटामॉलची. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, शिवाय गुंगी आणणारं दुसरं औषध. दोन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून माणूस दोन्ही घेतो आणि पॅरासिटामॉल दुप्पट होतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द. म्हातारपण, बारीक चण किंवा यकृताचं दुखणं असेल तर त्याहून बरीच अलीकडे थांबायचं. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ३.९ ग्रॅम भरतात. इतकं अंकगणित स्ट्रिपवरच मांडलेलं आहे.

पातळ औषधांत तर आकडा हेच खरं इंग्रजी. लहान मुलांच्या तापाचं औषध दोन रूपांत येतं. 'ड्रॉप्स'च्या छोट्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं. 'सिरप'मध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरला जेमतेम २५. थोड्या मोठ्या मुलांच्या बाटलीत पाचाला २५०. चव सारखी, कधी कधी रंगही सारखा. सिरपच्या सवयीनं कुणी ड्रॉप्सच चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर पाजले, तर तान्ह्याच्या पोटात मोठ्या माणसाची ५०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी गेली. शेजारणीनं 'आमच्या बंटीला एवढं देतो' म्हणून सांगितलेलं माप म्हणूनच ऐकून सोडून द्यावं. आणि चमचा म्हणजे फोडणीचा नव्हे. बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज. 'टीएसपी' म्हणजे ५ मिलिलिटर, 'टीबीएसपी' म्हणजे १५. मधल्या एका 'बी'नं माप तिप्पट होतं.

'ड्राय सिरप' नावाचा प्रकार मुलांच्या अँटिबायोटिकचा. बाटलीत नुसती पूड असते. पाणी उकळून पूर्ण गार करायचं. आधी बाटली हलवून तळाशी बसलेली पूड मोकळी करायची, मग खुणेच्या थोडं खाली येईल इतपत पाणी घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग बरोबर खुणेपर्यंत पाणी आणायचं. ही खूण बाटलीवर किंवा लेबलवर बाण किंवा रेघ अशी असते. लोक फेसालाच पाणी समजून थांबतात, मग औषध घट्ट राहतं. काही जण गळ्यापर्यंत भरतात, मग पातळ होतं. गरम पाणी तर नकोच. तयार औषध बहुधा आठवडाभर टिकतं, काही फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. नेमकं काय ते 'यूज विदिन'च्या पुढे लिहिलेलं असतं. प्रत्येक वेळी देण्याआधी हलवायचं, नाहीतर पहिले डोस फिके आणि शेवटचा कडक. ओआरएसच्या मोठ्या पुडीचं गणित याहून सोपं: अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर ओतून द्यायचं. पेल्यात चिमूटचिमूट घालून चालत नाही; मिठाचं प्रमाण चुकलं की फायदा राहतो बाजूला. २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते, म्हणून आधी आकडा वाचायचा, मग भांडं घ्यायचं.

साठवणुकीचं वाक्य लोक वाचतच नाहीत. 'नॉट एक्सीडिंग ३० डिग्री' हे पुण्याच्या एप्रिलला उद्देशून लिहिलेलं नसलं, तरी लागू तिथेच पडतं. पारा चाळिशीला टेकलेला असताना स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या औषधाचा भरवसा धरू नये. याचा अर्थ सगळं फ्रिजमध्ये कोंबावं असाही नाही. 'कूल, ड्राय प्लेस'मधला 'ड्राय' विसरून गोळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या की त्यांना ओल धरते. न उघडलेलं इन्सुलिन मात्र २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात गोठलं की ते टाकून द्यायचं.

आता एक्सपायरी. महिना आणि वर्ष दिलेलं असतं, आणि त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. पण तारीख बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला ठोकलेली असते आणि आपण सुटी गोळी तिथूनच कापतो. उरलेल्या तुकड्यावर ना तारीख, ना धड नाव. कात्री नेहमी दुसऱ्या टोकानं चालवावी. डोळ्यांच्या थेंबांची छापील तारीख बंद बाटलीपुरती. फोडल्यावर बहुतेक थेंब महिनाभरच वापरायचे, म्हणून फोडल्याची तारीख पेननं बाटलीवर घालावी. कानाचे थेंब चुकूनही डोळ्यात नकोत. तसं झालं तर भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

एक्सपायरीच्या आसपासच 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' असतं. एकेकाळी पुढे 'पिंपरी' वाचायला मिळायचं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तिथे १९५४ साली उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलीन करू लागली. हल्ली हिमाचलातलं बद्दी आणि सिक्कीम वाचायची सवय झाली आहे. आणि डाव्या बाजूची उभी लाल रेघ: ती असेल तर औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्यातल्या 'एच१' या सरकारी यादीतल्या औषधांसाठी रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ठेवणं दुकानदाराला २०१४पासून बंधनकारक आहे. तेव्हा सदाशिव पेठेतला मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, तो प्रत्येक वेळी खडूसपणाच असतो असं नाही.

चिठ्ठीवरची अक्षरं इंग्रजीच्या वेषात आलेली लॅटिन आहेत, त्यामुळे इंग्रजीत एमए झालेल्यालाही ती शिकावीच लागतात. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. त्यातून चष्म्याच्या नंबराच्या कागदावर हेच 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. डॉक्टरांनी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ साली झाला; तो किती पाळला जातो ते ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर दिसतं. '१-०-१' ही पद्धत त्यातल्या त्यात गरिबाची वाली. मधलं शून्य दुपारचं.

बोलण्याची वेळ आली तर वाक्यरचनेचा फार बाऊ करू नये. ताप, खोकला, सर्दी, डोकेदुखी यांना 'आय हॅव' लावायचं. चक्कर, मळमळ, थकवा यांना 'आय फील'. किती दिवसांपासून हे डॉक्टर विचारणारच: वार सांगायचा तर 'सिन्स मंडे', दिवस मोजायचे तर 'फॉर थ्री डेज'. 'मला बीपी आहे' हे मराठीत चालून जातं. इंग्रजीत 'हाय' किंवा 'लो' जोडावं लागतं, कारण नुसतं बीपी डॉक्टरांनाही असतं. ताप सांगताना थर्मामीटर कुठल्या मापावर आहे ते बघायचं. बटण दाबलं जाऊन तो सेल्सिअसवर गेला की ३७ दिसतं आणि घरात घबराट उडते. ते आपलं फॅरनहाइटमधलं ९८.६च. ३८ म्हणजे १००.४, तिथून ताप धरतात.

रिपोर्टच्या भाषेत 'निगेटिव्ह' ही बहुधा आनंदाची बातमी असते. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे भयंकर नव्हे, अचानक उद्भवलेलं. साखरेच्या 'फास्टिंग' तपासणीला आठ ते दहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. 'पीपी'चे, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचे, दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजतात, हात धुतल्यापासून नव्हे.

एवढं करूनही एखादी ओळ लागत नाही, तेव्हा स्ट्रिपचा फोटो काढून मेडिकलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावं. पण लोक गोळ्यांच्या फुगीर बाजूचा फोटो पाठवतात. तिथे बहुधा काहीच छापलेलं नसतं. चपटी बाजू वर करायची, फ्लॅश बंद करायचा, कारण चकचकीत कागदावर नेमका मिलिग्रॅमच्या आकड्यावरच उजेड चमकतो. खिडकीपाशी स्ट्रिप जराशी तिरकी धरायची आणि नाव, मिलिग्रॅम, एक्सपायरी या तिन्ही गोष्टी एकाच फोटोत येतील असं बघायचं. आणि पाठवताना शेजारी रुग्णाचं वय लिहायचं. मेडिकलवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.