दाखवायचं की थांबायचं?

"लेकरू एका जागी बसत नाही, एकदा डॉक्टरला दाखवा," शाळेतल्या बाई म्हणाल्या. घरी सांगितलं तर आत्याबाई भडकल्याच. "ह्याचा बाप दिवसभर बाभळीवर असायचा, त्याला कोणी दाखवलं?" तसं त्यांचंही खोटं नाही. पहिलीतलं पोरगं चुळबूळ करणारच.

आज परभणीत आम्ही दोघं बालरोगतज्ज्ञांशी बोललो. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चुळबूळ करणं हा त्रास, रक्ताच्या तपासणीत कळत नाही म्हणे. लक्षणं किमान ६ महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे अडचण करणारी लागतात. म्हणून आईबापाला वेगळं विचारतात, शिक्षकांना वेगळं. शिवाय कान, डोळे, झोपही बघतात. रात्रीची लाईट गेली की झोपतंय कोण!

मी म्हटलं, शेतात पाटाच्या पाण्यात तासभर रमतो की हो. तर म्हणाले, आवडीच्या कामात रमतो म्हणून एडीएचडी नाहीच, असं नसतं. इथं मी गप्प झाले.

तपासणी म्हणजे लगेच गोळ्या नव्हेत, हे ऐकून यांची भीती मोडली. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत बघतात. सोमवारी तिथं जायचं ठरलंय. आत्याबाईंनाही नेणार, घरी असला की तो त्यांच्याजवळच असतो.